न उघडलेली फळी

९ सप्टेंबर, मंगळवार

जेवताना मी भिंतींबद्दल बोलायचं नाही, असा आज घरात ठराव झाला. नवरा म्हणाला, "तुला सांगायचं असतं ते वहीत लिही. वही कंटाळून उठून जात नाही." सासूबाईंनी लगेच मान डोलावली. एरवी या दोघांचं कशावर एकमत होत नाही.

म्हणून ही वही.

एकोणीस वर्षं मी कंत्राटदाराकडे साइटवर इंजिनिअर होते. इमारत उभी राहताना काय काय झाकून टाकतात ते एकोणीस वर्षं पाहिलं, आणि बऱ्याचदा गप्प बसून पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. जुनं घर विकत घेणारे मला बोलावतात. मी तीन-चार तास घर तपासते आणि त्यांना लेखी अहवाल देते: कुठे ओल आहे, कुठे तडा आहे, कुठली वायर धोक्याची आहे. टॉर्च, छोटी हातोडी, ओल मोजायचं यंत्र, आरसा, घडीची शिडी, एवढा पसारा. सासूबाई त्याला "डॉक्टरीणबाईंची पेटी" म्हणतात. म्हणतात कसल्या, टोमणाच मारतात.

काम आवडतंय. फक्त डोकं थांबत नाही. बँकेत रांगेत उभी होते तर छताकडे बघत होते. मागचा माणूस म्हणाला, "बाई, पुढे सरका."

१८ सप्टेंबर, गुरुवार

सातवं घर. चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे अरुंद गॅलरी. घेणारी बाई शिवणकाम करते. नवरा बस चालवतो. बरोबर सासरे आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी दोन मिनिटं उभी राहत नाही. तिला घरात भिंगरीच म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे. मी ओल मोजत होते तर ही माझ्या हाताखालून डोकं काढून आकडे मोठ्याने वाचत होती.

शिवणताई मात्र शांत. जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलेली. म्हणाली, "मॅडम, मला घरातलं काही कळत नाही. शिवण उसवलेली असेल तर मला लांबून दिसते, पण भिंतीतलं नाही दिसत. तुम्ही हो म्हणालात तर घेणार, नाही म्हणालात तर नाही." असं कुणी बोललं की पाठ आपोआप ताठ होते.

मालक निवृत्त कारकून. मी जिथे हात लावीन तिथे मागे उभे. गॅलरीच्या कोपऱ्यात फुलांची मोठी कुंडी होती. ती सरकवली तर खाली ओलीचा नकाशाच. "ती कुंडी तिथेच असते," मालक म्हणाले. मी म्हटलं, "हो ना, म्हणूनच सरकवली." स्वयंपाकघरात सहा फरश्या पोकळ वाजल्या. मीटरच्या पेटीत एक वायर नुसती पीळ देऊन जोडलेली सापडली. खिडक्यांच्या चौकटींना फटी आहेत, तिथून पावसाचं पाणी आत येतं. सगळं फोटोसकट टिपलं.

बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. पेटवून पाहिला. ज्योत निळी, पाणी झटकन गरम, स्वयंपाकघरातल्या नळालाही तेच पाणी. धुराचा पाइप वर फळ्यांच्या खोट्या छतात जातो आणि तिथून बाहेर. मालक म्हणाले, परवाच रंग दिलाय, फळी काढलीत तर पोपडे निघतील. ठीक.

तेवढ्यात सासूबाईंचा तिसरा फोन. दार लागलं, किल्ली आत, त्या बाहेर. धावतपळत घरी.

अहवाल संध्याकाळीच पूर्ण केला. बासष्ट मुद्दे. निष्कर्ष: घर घेण्याजोगं, गॅलरी आणि वायरिंग दुरुस्त करा, खिडक्यांच्या फटी बुजवून घ्या. आजवरचा माझा सर्वांत नेटका अहवाल. नवऱ्याला वाचायला दिला तर पाचव्या पानावर घोरायला लागला.

२७ सप्टेंबर, शनिवार

शिवणताईंनी घर घेतलं! पेढेबिढे काही नाही, फोनवर नुसती रडली. म्हणाली, "तुमचा अहवाल मी कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलाय."

आज दुसऱ्या एका घरात मालकाने मला अक्षरशः हाकलून दिलं. भिंतीएवढं कपाट हलवा म्हटलं तर म्हणे, "तुम्ही घर बघायला आलात की धाड घालायला?" कपाटामागे काय आहे ते तिथेच कळलं. घेणाऱ्याला सांगितलं, नाद सोडा.

१२ ऑक्टोबर, रविवार

नणंदेकडे गेलो होतो. नवीन घर. सगळे कौतुक करत होते, मीही करत होते. पण बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसले आणि समोर खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरका तडा दिसला. नाही बोलायचं, नाही बोलायचं, असं चहा संपेपर्यंत बजावत होते स्वतःला. शेवटी बोललेच. नणंदेचा चेहरा उतरला. नणंदेच्या नवऱ्याने तड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही आलात की भिंतींनासुद्धा धडकी भरते."

परत येताना नवरा म्हणाला, "अगं, प्रत्येक घरात काहीतरी असतंच. लोक तसेच राहतात, सुखाने राहतात."

मी म्हटलं, "माहीत नसतं म्हणून सुखाने राहतात."

"मग राहू दे ना."

पण कुणीतरी सांगायला नको का? मला हे नीट करता येतं. दुसऱ्याला दिसत नाही ते मला दिसतं. गर्व म्हणून नाही, खरं म्हणून लिहिते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

महिनाभर वही उघडली नाही. कामं आहेत. अकरा घरं झाली.

थंडी पडली आहे. आज शिवणताईंचा फोन आला. सकाळी खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ येतात, भिंतही ओलसर लागते. फटी तर सगळ्या बुजवून घेतल्या, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, एकही सोडली नाही, मग पाणी येतं कुठून? मलाही कळेना. माझ्या अहवालात ही भिंत कोरडी आहे. मंगळवारी जाते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गेले. बाथरूमबाहेरची भिंत ओली. यंत्र चांगलंच वर जातंय. वरच्या घराचं बाथरूम नेमकं डोक्यावर आहे, म्हणजे तिथली गळती. दुसरं काय असणार? तडक वर गेले. तिथे निवृत्त पोस्टमास्तर राहतात, नवराबायको दोघंच. त्यांनी मला बाथरूममध्ये नेलं, फरशी दाखवली, कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, गळती फरशीखाली असते, वरून दिसत नाही. ते म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, कुणाच्या घरात पाणी नाही सोडलं." मी आवाज चढवला. त्यांनी एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाले, "तक्रार असेल तर यावर लेखी पाठवा. जिन्यात ओरडायचं नाही."

खाली आले तर शिवणताई मशीनवर डोकं टेकून बसलेली. नवीन घरात आल्यापासून डोकं दुखतं म्हणे. मी म्हटलं, रंगाचा वास असेल, नाहीतर डोळ्यांवर ताण. आजोबा पलंगावर झोपलेले, सकाळचे अकरा वाजलेले. "हल्ली फार झोपतात," ती म्हणाली, "वय झालं."

तिला एवढंच सांगितलं: वरच्यांना गळती काढायला लावते, तोवर भिंत पुसत राहा.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तिथेच. या भिंतीने माझी झोप घालवली आहे. आज सगळे घरी होते. भिंगरीला सकाळी दोनदा उलटी झाली, काल शाळेच्या सहलीत काहीतरी खाल्लं असणार. चेहरा पांढरा पडलेला, पण तोंड चालूच. मला ओढत बाथरूमकडे नेत होती, पिवळी आग बघा, पिवळी आग बघा. मी यंत्रात डोकं घालून होते. "थांब गं जरा," म्हटलं.

शिवणताईने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणाली. सांगताना हसली, पण डोळे भरलेले. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं.

तिचा नवरा म्हणाला, "मॅडम, मला काहीच होत नाही. घरात असलो की डोकं जड, बस काढली की एकदम टवटवीत. बायकोला म्हटलं, हा तुझ्या बडबडीचा परिणाम आहे." सगळे हसले. मीही हसले.

भिंतीचा आकडा वाढलाय. पोस्टमास्तरांना लेखी तक्रार लिहून टाकली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पोस्टमास्तरांनी स्वतःच्या खर्चाने प्लंबर आणून सगळे नळ तपासून घेतले. गळती नाही. प्लंबरकडून लिहून घेतलं आणि त्याचा फोटो मला पाठवला. खाली एकच ओळ: "आता आपण दुसरीकडे शोधा."

माझी चूक झाली तर. पण मग पाणी कुठलं? जेवताना विचार, झोपताना विचार. सासूबाई म्हणाल्या, "तुझं लक्ष कुठे आहे? मीठ दोनदा घातलंस." नवरा शाळेतल्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या तपासत होता, मान वर न करता म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर आहे तिचं लक्ष."

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळचे साडेदहा. घरात सगळे बाहेर गेलेत. आज डोकं शांत ठेवून त्या घराचं एकेक लिहून काढते, म्हणजे कुठेतरी सुटेल.

पाणी काचांवर आतून. सकाळी जास्त. बाहेरून येत नाही, वरून येत नाही. म्हणजे घरातच तयार होतं. वाफ. वाफ कशाची? स्वयंपाक सगळेच करतात. आंघोळीचं गरम पाणी, तेही सगळ्यांकडे असतं. पण फटी बुजवल्यापासून वाफेला बाहेर जायला वाट नाही. ती वाट मीच बंद करायला लावली, ठीक, पावसासाठी लावली. थंडीत गीझर जास्त वेळ चालतो. रविवारी सगळ्यात जास्त, सगळे घरी, सावकाश आंघोळी. भिंगरीला उलट्या झाल्या त्याही रविवारीच. तिचा बाप बाहेर पडला की बरा. आजोबा आणि ताई दिवसभर आत, ते दोघं

पिवळी आग

पाइप वर जातो आणि तिथून बाहेर. बाहेर मी पाहिलं का? मी बाहेर कुठे पाहिलं

३० नोव्हेंबर, संध्याकाळ

घरी आल्या आल्या लिहिते. उद्या याच गोष्टी मी जरा बऱ्या करून लिहीन, म्हणून आजच.

वर वाक्य अर्धं टाकलं आणि फोन लावला. बऱ्याच वेळाने शिवणताईने उचलला. मी ओरडले, "गीझर बंद करा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर या!" ती म्हणाली, "हो मॅडम... भिंगरी आंघोळीला गेलीय... मी जरा पडते, मग बोलू." शब्द एकमेकांत चिकटलेले. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पलीकडून नुसतं पाणी वाहताना ऐकू येत राहिलं.

माझ्या घरापासून तिचं घर रिक्षाने वीस मिनिटं. तिच्या नवऱ्याची आज रविवार असूनही बसवर ड्यूटी. पोस्टमास्तरांची चिठ्ठी पेटीत होती. त्यांनी उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "मी तीच तक्रारवाली बाई. खालच्या घरात विषारी वायू भरलाय. दार फोडा. काडी ओढू नका, दिवा लावू नका, आधी खिडक्या फोडा." त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फोन चालूच राहिला. चपलांचा आवाज, दारावर धक्के, त्यांच्या बायकोचं "अहो, पाटा आणा, पाटा!", मग लाकूड तडकलं, मग काचा.

रुग्णवाहिकेला फोन करून मी पोचले तेव्हा तिघंही जिन्यात होती. आजोबा शुद्धीवर, भिंतीला टेकून बसलेले, सारखे विचारत होते की इथे का बसवलंय. शिवणताई ओकत होती. भिंगरी पोस्टमास्तरांच्या बायकोच्या मांडीवर होती, चादरीत गुंडाळलेली, ओल्या केसांची. हलत नव्हती. ही मुलगी हलत नव्हती. श्वास चालू होता. पोस्टमास्तर तिच्या पायाचे तळवे चोळत होते आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होते, जणू ती ऐकतेय.

त्यांना घेऊन गेले. मी वर गेले. वारा खोलीतून आरपार जात होता. पुरेसा वेळ बाहेर थांबून मग आत शिरले, शिडी लावली, फळीवर हातोडी घातली. रंगाचे पोपडे पडले, थोडेसेच. दोन घाव पुरले.

पाइप फळीच्या वर वीतभर जातो आणि संपतो. बाहेरच्या भिंतीतलं भोक चार बोटं लांब, आणि तेही बाहेरून प्लास्टरने लिंपलेलं. बाहेरून इमारत रंगवताना कुणीतरी बुजवलं असणार. फळ्यांच्या आतल्या बाजूला काजळी, हात लावला तर बोट काळं. गीझरचा सगळा धूर इतके दिवस याच घरात परत येत होता. हवा कोंडली की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्या वायूला वास नसतो. हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे.

दोन घाव. तेवढंच लागणार होतं सप्टेंबरमध्ये.

१ डिसेंबर, सोमवार

भिंगरी अजून शुद्धीवर नाही. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. आजोबा आणि शिवणताई बरे आहेत.

बाकी काही लिहवत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

काल दुपारी तिने डोळे उघडले. आज पाणी मागितलं. शब्द सापडायला तिला वेळ लागतो, "पेला" म्हणायचं असतं आणि हात दाखवते. डॉक्टर म्हणाले, लहान वय आहे, बहुतेक सगळं भरून येईल. "बहुतेक" म्हणाले. मी तो शब्द घेऊन दिवसभर फिरतेय.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. उंच, आडवा माणूस, पोरासारखा रडला. "मॅडम, तुम्ही होतात म्हणून माझं घर वाचलं. तुम्हाला फोनवरून कळलं. कुणाला कळलं असतं?" पोस्टमास्तर शेजारी उभे होते, म्हणाले, "बाई हुशार आहेत, हे मी भांडतानाच ओळखलं." आजूबाजूचे लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एका बाईने माझा नंबर मागितला, तिलाही घर तपासून घ्यायचंय.

मी नंबर दिला. दिला! हे लिहून ठेवते. फळीबद्दल तोंडातून एक शब्द काढला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

अहवाल काढून वाचला. मुद्दा एकेचाळीस: "गीझर, धुराचा पाइप बाहेरपर्यंत: पाहिलं. ठीक." माझ्या अक्षरात. खाली माझी सही.

खोटं बोलायचं म्हणून लिहिलं नव्हतं. मनात होतं की पाइप आत जातो म्हणजे बाहेर निघतच असणार. घाईत होते. पण इतरांच्या कुंड्या सरकवणारी मी, आणि मालकाने रंगाचं कारण सांगितल्यावर एक फळी सोडून दिली. वर फटी बुजवायला सांगून घर डबाबंद केलं. मग दोनदा तिथे गेले आणि दोनदा वरच्या माणसावर खापर फोडून आले.

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने अहवाल मिटवून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "त्यांना सांगून काय होणार? पोरगी बरी होतेय. ते तुला देव मानतायत. तू सांगितलंस तर त्यांचाही आधार जाईल आणि तुझंही काम संपेल. भोक कुणी लिंपलं? तू नाही लिंपलंस."

खरं आहे. मी नाही लिंपलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मला वाटलं ऐकत नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी किल्ली मी आत विसरले नसते तर तू घाई केली नसतीस." मी म्हटलं, "नाही हो आई, तसं काही नाही." त्या म्हणाल्या, "मग आता सांग त्यांना, कुणाची चूक आहे ते." आणि भाजीकडे वळल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं. बसले. शेंगा सोलल्या.

९ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं.

ते लोक पोस्टमास्तरांच्या घरी उतरलेत, खालच्या घरात जायला धजत नाहीत. भिंगरी पलंगावर बसून कागदाचे तुकडे करत होती, हळूहळू. मी अहवाल समोर ठेवला, एकेचाळीसाव्या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे मी पाहिलं असं लिहिलंय. मी पाहिलं नव्हतं. फळी उघडली असती तर त्याच दिवशी दिसलं असतं."

शिवणताईच्या नवऱ्याला नीट कळलंच नाही आधी. त्याने विचारलं, "म्हणजे तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही. मी बघितलंच नाही."

"पण लिहिलं."

"हो."

तो उठून गॅलरीत गेला, पाठ फिरवून उभा राहिला. शिवणताईने अहवाल हातात घेतला. ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग मला म्हणाली, "मला भिंतीतलं दिसत नाही म्हणून तुम्हाला बोलावलं होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी तुम्ही नुसतं सांगितलं असतं की ही फळी मी उघडलेली नाही, तर मी उघडून घेतली असती. मला कळत नाही, पण मला फळी उघडता येते."

मी म्हटलं, "हो."

"आता जा तुम्ही."

पोस्टमास्तर दारापर्यंत आले. दार हळू लावलं.

१० डिसेंबर, बुधवार

पहाटेपासून जागी. तपासलेल्या अकराही घरांचे अहवाल काढले. जिथे जिथे न बघता "पाहिलं" लिहिलंय तिथे खूण केली. मला वाटलं होतं एखाददुसरी निघेल. नऊ निघाल्या. पाण्याच्या टाकीचं झाकण जड होतं म्हणून. माळ्यावर पाल होती म्हणून. मालकीणबाई झोपल्या होत्या म्हणून एक अख्खी खोली.

१७ डिसेंबर, बुधवार

आठवडाभर त्या घरांत फिरतेय. दारात उभं राहून सांगते, "तुमच्या घरातली अमुक गोष्ट मी न बघता लिहिली होती, आता बघायला आलेय." दोघांनी हसून आत घेतलं. एकाने दारातूनच परत पाठवलं आणि म्हणाला, सगळ्यांना सांगणार. सांगू दे. बघता आलेल्या आठपैकी सात ठीक निघाल्या. आठवी, टाकीखालची तुळई, ती ठीक नाही. लोखंड गंजून बाहेर आलंय. कुणी मेलं नव्हतं, एवढंच. त्यांनी कामाला माणूस लावलाय.

नवीन काम आलेलं नाही. दवाखान्यातल्या त्या बाईने फोन केला नाही. म्हणजे बातमी पोचली.

आज माझी शिडी डगमगते म्हणून नवऱ्याने तिचा स्क्रू बसवून दिला.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी शिवणताईचा फोन. मला वाटलं आता तक्रार करणार, वकील देणार. म्हणाली, "आम्हाला घरात परत जायचंय. किती दिवस दुसऱ्याकडे राहणार? तुम्ही येऊन घर बघा. सगळं. आणि मी बरोबर असणार."

मी विचारलं, "मीच का? दुसरं कुणी बोलवा ना. मी नाव सुचवते."

"दुसऱ्याने काय बघितलं नाही ते मला कसं कळणार?" ती म्हणाली. "निदान तुमचं तरी माहीत आहे."

गेले. गीझर काढून टाकलाय, विजेचा लावलाय. तिने केस घट्ट बांधले होते, ओढणी कमरेला खोचली होती. मी शिडी लावली तर म्हणाली, "खाली उतरा. आधी मी चढते." टॉर्च घेतली आणि छताच्या आत डोकं घातलं. "हे काय? हे कशाला? हे कुठे जातं?" मी खालून सांगत होते. कळलं नाही तर पुन्हा विचारत होती. तीन तासांचं काम, सहा तास लागले. भिंगरी दारात बसून माझ्या यंत्रावरचे आकडे वाचत होती. "सत्तावीस" म्हणताना अडकली, थांबली, मग म्हणाली. आई तोवर वरून खाली उतरली नाही, पण टॉर्च हलायची थांबली होती.

शेवटी तिने माझी वही मागितली. "काय राहिलं ते लिहा."

मी म्हटलं, "जे बघता येतं ते सगळं बघितलं."

"आणि जे बघता येत नाही ते?"

"भिंतीच्या आतले पाइप. फरशीखालचं. पाया. ते फोडल्याशिवाय कुणालाच दिसत नाही."

"मग तेच लिहा. सगळ्यात आधी तेच लिहा."

लिहिलं. अख्खं पान झालं. ती शेजारी उभी राहून वाचत होती, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "हे अक्षर लागत नाही, पुन्हा लिहा." पुन्हा लिहिलं. मग तिने कागद घडी करून आत नेला. चहाचं विचारलं नाही, आभार मानले नाहीत. मी सामान आवरत असताना आतून मशीनचा आवाज सुरू झाला. आधी अडखळत, मग सलग.